लंडनचे ‘गेज द वर्ड’ : शाळांनी टाळलेल्या पुस्तकांचे दुकान

ब्रिटिश म्युझियम पाहायला आलेला मराठी प्रवासी तेथून सहसा ऑक्सफर्ड स्ट्रीटकडे खरेदीला वळतो, नाहीतर डॉ. आंबेडकर राहत असलेले घर पाहायला प्रिमरोज हिलला निघतो. त्याऐवजी रसेल स्क्वेअर ओलांडून आणखी थोडे चालत गेले, तर मार्चमाँट स्ट्रीटवर ६६ क्रमांकाला ‘गेज द वर्ड’ हे पुस्तकांचे लहानसे दुकान लागते. जानेवारी १९७९ मध्ये सुरू झालेले हे दुकान समलैंगिक स्त्रीपुरुषांनी लिहिलेल्या आणि त्यांच्याविषयी लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचे आहे, आणि ब्रिटनमधील या प्रकारच्या दुकानांत ते सर्वांत जुने मानले जाते. मी येथील एका माध्यमिक शाळेचे ग्रंथालय सांभाळते आणि त्या कामासाठी या दुकानात वरचेवर जाते. त्यामुळे हे परीक्षण जितके ग्राहकाचे आहे तितकेच शाळेत काम करणाऱ्या व्यक्तीचेही आहे. माझ्या मते या दुकानाची खरी योग्यता शाळेच्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही, कारण १९८८ ते २००३ या काळात इंग्लंडमधील बहुतेक शाळांनी ज्या विषयावर तोंड उघडायचे नाही असे ठरवले होते, त्याच विषयाची पुस्तके हे दुकान रस्त्यावरच्या काचेत मांडून उघडपणे विकत होते.

दुकान दिसायला साधे आहे. दर्शनी काचेत नव्या पुस्तकांची मांडणी, आत शिरल्यावर टेबलावर नुकत्याच आलेल्या कादंबऱ्या आणि भिंतींना लागून भरगच्च फळ्या, एवढाच त्याचा पसारा. कथा-कादंबऱ्या, कविता, चरित्रे, इतिहास, आरोग्य, पारलिंगी व्यक्तींचे लेखन आणि बालकुमारांची पुस्तके अशी विभागणी असल्याने जे हवे ते विचारल्याशिवायही सापडते, आणि येथे येणाऱ्या काही ग्राहकांसाठी ‘विचारल्याशिवाय’ ही फार मोठी सोय असते. फळ्यांच्या कडांकडे जरा वाकून पाहावे. २००७ मध्ये भाडे आणि खर्च झेपेनासे झाले, तेव्हा दुकानाने वाचकांना एकेक फळी ‘दत्तक’ घेण्याचे आवाहन केले आणि ज्यांनी पैसे दिले त्यांची नावे फळ्यांवर लावली. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे कोरतात, त्यातलाच हा प्रकार. लंडनच्या मध्यवस्तीतील स्वतंत्र पुस्तक दुकाने त्या दशकात एकामागून एक बंद पडत असताना हे तगले, ते बरेचसे या वर्गणीच्या बळावर.

पैशांची चणचण हे दुकानावरचे पहिले संकट नव्हते. १० एप्रिल १९८४ रोजी सीमाशुल्क खात्याच्या अधिकाऱ्यांनी येथे छापा घातला आणि परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतून, आणलेल्या पुस्तकांचे गठ्ठे उचलून नेले. टेनेसी विल्यम्स, गोर विडाल, ख्रिस्तोफर इशरवूड आणि जाँ जने यांच्यासारख्या मान्यवर लेखकांची पुस्तके त्यात होती. दुकानाच्या संचालकांवर अश्लील साहित्य आयात करण्याचा कट रचल्याचे आरोप ठेवण्यात आले, आणि त्यासाठी आधार घेतला गेला तो १८७६ च्या सीमाशुल्क कायद्याचा. यातील मेख कायद्याच्या निवडीत होती. देशात छापलेल्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला भरला, तर १९५९ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला साहित्यिक मूल्याचा बचाव करता येत असे. बंदरावर अडवलेल्या पुस्तकाला तो बचाव उपलब्धच नव्हता. म्हणजे पुस्तक कसे आहे यापेक्षा ते कोठून आले यावर त्याचे भवितव्य ठरणार होते. बचावासाठी निधी उभा राहिला, लेखकांनी आणि प्रकाशकांनी आवाज उठवला, आणि खटला दोन वर्षे रेंगाळला.

त्याचा शेवट मात्र साहित्यप्रेमींना थोडा अडचणीत टाकणारा आहे. मार्च १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका वेगळ्याच प्रकरणात, पश्चिम जर्मनीतून आणलेल्या फुगवायच्या बाहुल्यांच्या प्रकरणात, असा निर्णय दिला की जी वस्तू देशात तयार करण्यास व विकण्यास मनाई नाही, ती दुसऱ्या सदस्य देशातून आणण्यास अश्लीलतेचे कारण सांगून मनाई करता येणार नाही. या निर्णयानंतर पुस्तकांविरुद्धच्या खटल्याचा पाया ढासळला आणि जून १९८६ मध्ये सर्व आरोप मागे घेण्यात आले. जनेच्या गद्याला जे साधले नाही ते रबरी बाहुल्यांनी करून दाखवले, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. त्याच धामधुमीच्या काळात, म्हणजे १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात, साउथ वेल्समधील कामगार कुटुंबांसाठी मदत गोळा करणारा समलैंगिक कार्यकर्त्यांचा गट याच दुकानात बैठका घेत असे. त्या गटाचा एक प्रमुख कार्यकर्ता मार्क अ‍ॅश्टन याच्या नावाची स्मृतिपट्टिका २०१७ पासून दुकानाच्या वर लावलेली आहे. पुष्कळ लोक हल्ली तिचे छायाचित्र काढण्यासाठीच येतात आणि आत न शिरता जातात, याचे मला थोडे वाईट वाटते.

शाळांचा प्रश्न येथूनच सुरू होतो. खासगी दुकानाला गाठण्यासाठी सरकारकडे बंदराचा मार्ग होता, आणि तो १९८६ मध्ये बंद झाला. शाळांना गाठण्यासाठी वेगळा मार्ग होता, तो म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांची तिजोरी. हॅरिंगे आणि ईलिंगसारख्या लंडनच्या काही नगरपालिकांनी शाळांत समलैंगिकांविषयी सकारात्मक चित्र मांडण्याचे धोरण जाहीर केले होते, आणि त्यावर वृत्तपत्रांनी रान उठवले. त्या गदारोळाच्या मध्यभागी होते एक डॅनिश बालपुस्तक, वडील आणि त्यांचा जोडीदार यांच्यासोबत राहणाऱ्या जेनी नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचे. मूळ पुस्तक १९८१ चे, इंग्रजी अनुवाद १९८३ चा, आणि त्यात कृष्णधवल छायाचित्रांतून दाखवलेला एक अगदी सर्वसाधारण शनिवार-रविवार: कपडे धुणे, वाढदिवस, शेजारणीचे टोमणे. लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाकडील प्रत शिक्षकांच्या केंद्रात, शिक्षकांच्या माहितीसाठी ठेवलेली होती. तरीही ते पुस्तक शाळाशाळांतून लहान मुलांच्या हाती दिले जात असल्याचा समज पसरला. साप साप म्हणून भुई थोपटण्याचे इतके स्वच्छ उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच मिळेल. ऑक्टोबर १९८७ मध्ये ब्लॅकपूलच्या पक्षपरिषदेत पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी पारंपरिक नीतिमूल्ये शिकण्याची गरज असलेल्या मुलांना समलैंगिक असण्याचा जन्मसिद्ध हक्क असल्याचे शिकवले जात आहे अशी तक्रार केली, आणि मे १९८८ मध्ये स्थानिक शासन कायद्याचे कलम २८ अमलात आले.

या कलमाची भाषा पाहण्यासारखी आहे. कोणत्याही स्थानिक प्राधिकरणाने समलैंगिकतेचा हेतुपुरस्सर पुरस्कार करू नये, त्या हेतूने साहित्य प्रकाशित करू नये, आणि अनुदानित शाळांत समलैंगिकता हा एक कथित कुटुंबसंबंध म्हणून स्वीकारार्ह असल्याच्या शिकवणीस उत्तेजन देऊ नये, एवढाच त्याचा आशय होता. रोगाचा प्रसार रोखण्यासाठी केलेल्या गोष्टींना त्यातून सूट होती, म्हणजे एड्सच्या संदर्भात या लोकांविषयी बोलायला हरकत नव्हती. बंधन होते ते नगरपालिका आणि काउंटी परिषदांवर. १९८६ च्या शिक्षण कायद्याने लैंगिक शिक्षणाचा निर्णय प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन मंडळाकडे दिलेला असल्याने वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला हे कलम थेट लागू होतच नव्हते, आणि पर्यावरण खात्याने १९८८ मध्येच काढलेल्या परिपत्रकात वर्गातील वस्तुनिष्ठ चर्चेला किंवा विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाला या कलमाची आडकाठी नाही असा खुलासाही होता.

पण परिपत्रक वाचतो कोण? शाळेत नोकरी करणारा कोणीही सांगेल की स्टाफरूममध्ये कायदा पोचतो तो वर्तमानपत्राच्या मथळ्यातून आणि मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरून. ‘पुरस्कार’ म्हणजे नेमके काय हे कोणालाच ठाऊक नसल्याने प्रत्येकाने आपापल्या भीतीच्या मापाने त्याचा अर्थ लावला. एखाद्या मुलाला वर्गात समलैंगिकतेवरून चिडवले जात असेल, तर त्याला थांबवणे हाच ‘पुरस्कार’ ठरेल की काय, इथपर्यंत शंका गेल्या. कोणी ग्रंथालयातील दोन-चार पुस्तके गुपचूप काढून ठेवली, कोणी विद्यार्थ्याचा प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखे केले, आणि जे शिक्षक स्वतः समलैंगिक होते त्यांनी घरचा विषय निघाला की खोली सोडण्याची सवय लावून घेतली. १९९७ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधील संशोधकांनी माध्यमिक शिक्षकांची पाहणी केली, तेव्हाही आपल्याला काय बोलण्याची मुभा आहे याबद्दल शिक्षकांत गोंधळ असल्याचेच आढळले. ती संस्था या दुकानापासून चालत काही मिनिटांवर आहे. एकीकडे शिक्षकांना शिकवणारी देशातील नामवंत संस्था, पलीकडच्या गल्लीत हवी ती पुस्तके विकणारे दुकान, आणि मधल्या शाळांत सामसूम, असा तो पंधरा वर्षांचा नकाशा होता.

या कलमाखाली कोणालाही शिक्षा झाली नाही. हे कलम निरुपद्रवी असल्याचा पुरावा म्हणून त्याचे समर्थक ही गोष्ट पुढे करीत. मला ती नेमकी उलट वाटते. खटला भरायचा तर गुन्हा सिद्ध करावा लागतो, साक्षी लागतात, ‘पुरस्कार’ या शब्दाची व्याख्या न्यायाधीशासमोर टिकवावी लागते. शिक्षक आपणहून गप्प बसले तर यातले काहीच करावे लागत नाही. सुंठीवाचून खोकला जातो. विरोध झाला नाही असे नव्हे. फेब्रुवारी १९८८ मध्ये उमरावांच्या सभागृहात काही स्त्रिया प्रेक्षक सज्जातून दोरावरून खाली उतरल्या, त्याच महिन्यात मँचेस्टरला हजारोंचा मोर्चा निघाला, कलम लागू होण्याच्या आदल्या संध्याकाळी बीबीसीच्या सहाच्या बातम्या सुरू असतानाच आंदोलक स्त्रिया स्टुडिओत घुसल्या, आणि अभिनेते इयन मॅकेलन यांनी याच वादाच्या ओघात नभोवाणीवर आपण समलैंगिक असल्याचे जाहीर केले. रद्द होण्याचा प्रवास मात्र संथ होता: स्कॉटलंडमध्ये जून २००० मध्ये, आणि इंग्लंड व वेल्समध्ये, उमरावांनी एकदा अडवून धरल्यानंतर, नोव्हेंबर २००३ मध्ये. २००९ मध्ये हुजूर पक्षाचे तेव्हाचे नेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी त्याबद्दल क्षमा मागितली.

आता या पार्श्वभूमीवर दुकानाचा बालकुमार विभाग पाहावा, कारण माझ्या दृष्टीने सर्वाधिक गुण त्यालाच द्यायला हवेत. सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडच्या शाळांत नातेसंबंधांचे शिक्षण सक्तीचे आहे, आणि समलैंगिक व्यक्ती व कुटुंबांचा समावेश योग्य वेळी त्यात व्हावा अशी सरकारी मार्गदर्शनाची अपेक्षा आहे. परिणामी प्रकाशकांनी या विषयावरील बालपुस्तकांचा पूर लोटला आहे, आणि त्यातील बरीचशी पुस्तके, स्पष्टच सांगायचे तर, कंटाळवाणी आहेत. पानापानावर इंद्रधनुष्य, तोंडी लावण्यापुरते कथानक, आणि शेवटी सर्वांनी एकमेकांना मिठी मारणे. ऑनलाइन मागवताना हे कळत नाही. येथे कळते, कारण विकणाऱ्यांनी ती वाचलेली असतात.

गेल्या वर्षी मला सातवीच्या वर्गासाठी, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी, अशी कादंबरी हवी होती की जिच्यात नायिकेच्या घरी दोन आया आहेत, पण तोच तिच्यापुढचा प्रश्न नाही. काउंटरवरील विक्रेत्याने आधी मुलांची वाचनाची तयारी कितपत आहे, पुस्तक सर्वांनी मिळून वाचायचे की एकेकट्याने, आणि पालकांकडून हरकत येण्याची शक्यता आहे का, एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारले. मग तीन पुस्तके काढून आणली आणि त्यांतले जाडजूड, चांगले महागडे पुस्तक माझ्या हातून परत घेतले. यात पाळीव कुत्रा मरतो आणि त्यापुढे मुलांना दुसरे काहीच लक्षात राहत नाही, असे त्याचे कारण होते. उरलेल्या दोहोंतील एक चोरीच्या तपासाची गोष्ट होती, जिच्यात दुसरी आई फक्त रोज सकाळी टोस्ट करपवते. तेच मी घेतले. माल खपवण्यापेक्षा योग्य पुस्तक योग्य हाती जावे याची ही काळजी आपल्याकडच्या जुन्या पुस्तकविक्रेत्यांत असे; ज्याने अप्पा बळवंत चौकात उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या आहेत त्याला मी काय म्हणते ते समजेल.

ही काळजी सगळीकडे कायदेशीर आहे असे मात्र नाही. हंगेरीने जून २०२१ मध्ये अल्पवयीनांसमोर समलैंगिकतेचे ‘चित्रण किंवा प्रसार’ करण्यास मनाई करणारा कायदा केला, आणि त्यानंतरच्या नियमांनी तो थेट पुस्तकांच्या फळीपर्यंत नेला: अशी पुस्तके बंद वेष्टनात विकायची, आणि शाळा किंवा चर्चपासून २०० मीटरच्या आत विकायचीच नाहीत. जुलै २०२३ मध्ये तेथील लिरा या पुस्तकविक्री साखळीला, दोन शाळकरी मुलग्यांच्या प्रेमाची एक ब्रिटिश चित्रकादंबरी वेष्टन न घालता कुमार विभागात ठेवल्याबद्दल, १ कोटी २० लाख फोरिंट दंड ठोठावण्यात आला. मार्चमाँट स्ट्रीटच्या दुकानात शाळेचा गणवेश घातलेली दोन मुले फळीला टेकून असलेच काही उघडून वाचत उभी असतात, तेव्हा मला त्या २०० मीटरांची आठवण होते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने मार्च २०२२ मध्ये केलेला कायदा कलम २८ चा जवळचा नातेवाईक शोभतो. आरंभी बालवर्ग ते तिसरीपर्यंत लैंगिक कल आणि लिंगभाव यांविषयी वर्गात शिकवण्यास मनाई होती. पुढच्याच वर्षी ही मर्यादा राज्याच्या शिक्षण मंडळाने बारावीपर्यंत वाढवली. शिक्षकांनी टेबलावरची जोडीदाराची छायाचित्रे काढून ठेवल्याच्या आणि ग्रंथपालांनी फळ्या रिकाम्या केल्याच्या बातम्या आल्या. मार्च २०२४ मध्ये न्यायालयीन तडजोडीतून खुलासा झाला की बंदी औपचारिक अध्यापनाला आहे. सहज चर्चेला, ग्रंथालयातील पुस्तकांना किंवा चिडवाचिडवी थांबवण्याला नाही. १९८८ च्या ब्रिटिश परिपत्रकाशी हा मजकूर ताडून पाहिला, तर सरकारे परस्परांची नक्कल किती अभावितपणे करतात याची गंमत वाटते. फरक इतकाच की ब्रिटनचा खुलासा कायद्याबरोबर आला होता आणि फ्लोरिडाचा दोन वर्षांनी आला. शाळांच्या धसक्यात त्याने फारसा फरक पडला नाही.

मराठी वाचकाला हे सर्व दूरचे वाटू नये. महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये विधिमंडळातील गदारोळानंतर शाळांतील किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम थांबवला, तेव्हा समलैंगिकतेचा उल्लेख तर सोडाच, शरीराच्या आकृत्यांवरूनच वादंग झाले होते. त्याआधी पाऊण शतक र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, ज्यांत हस्तमैथुन आणि समसंभोग यांवरचेही प्रश्न होते, आणि त्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला आणि दंड झाला. लंडनला शिकत असताना बाबासाहेब ज्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस बसत, ते याच ब्लूम्सबरी भागातले. प्रश्न विचारणाऱ्याला माहिती मिळाली पाहिजे, ही कर्व्यांची भूमिका आणि या दुकानाची भूमिका एकच आहे. कर्व्यांना ती एकट्याने, पदरमोड करून निभवावी लागली, या दुकानाला फळ्या दत्तक घेणारे वाचक मिळाले.

दुकानाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जागा खरोखरच लहान आहे. लेखकाचा कार्यक्रम असेल त्या संध्याकाळी पुस्तके चाळायला जाऊ नये, आणि मुलांची तुकडी घेऊन तर मुळीच जाऊ नये. किमतींत मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांशी कोणतेही स्वतंत्र दुकान स्पर्धा करू शकत नाही, तसे हेही करू शकत नाही. त्यामुळे आमच्या ग्रंथालयाची मोठी खरेदी नेहमीच्या पुरवठादाराकडूनच होते, आणि निवड करायला मी येथे येते. हे दुकानावर अन्यायाचे आहे याची जाणीव असल्याने दर वेळी काही प्रती येथूनच घ्यायच्या असा नियम मी स्वतःपुरता केला आहे. मराठी पुस्तकाची अपेक्षा ठेवून कोणी जाऊ नये, हा इंग्रजी पुस्तकांचा व्यवसाय आहे. मराठीतील माहितीपर लेखनासाठी बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या समपथिक ट्रस्टच्या कामाकडे वळावे. कलम २८ चा इतिहास वस्तुरूपाने पाहण्याची हौस असेल, तर दुकान ती भागवू शकणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. त्यासाठी किंग्ज क्रॉसजवळ ग्रॅनरी स्क्वेअरला २०२२ मध्ये उघडलेले क्वीअर ब्रिटन हे संग्रहालय आहे, जेथे प्रवेश विनामूल्य आहे, आणि जुन्या वृत्तपत्रांची कात्रणे वाचायची असतील तर लिव्हरपूल स्ट्रीटजवळील बिशप्सगेट इन्स्टिट्यूटचा अभिलेख विभाग आहे. जेनीच्या पुस्तकावर वृत्तपत्रांनी काय काय छापले ते तेथे बसून स्वतः वाचावे.

पालकांसाठी एक सूचना. स्वतःच्या मुलामुलीविषयी काही विचारायचे असेल आणि कोणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर शनिवारची दुपार टाळून आठवड्यातील एखाद्या सकाळी जावे. गर्दी नसते आणि विक्रेत्यांकडे वेळ असतो. मुलाचे वय आणि त्याला काय वाचायला आवडते एवढेच सांगावे, बाकीचे कारण कोणी विचारत नाही. भारतात पुस्तके पाठवायची असल्यास टपालखर्च बराच येतो, तेव्हा येथे शीर्षके टिपून घेऊन ती मुंबई-पुण्याच्या दुकानातून मागवणे सोयीचे पडते. भुयारी रेल्वेने येणाऱ्यांनी पिकॅडिली मार्गावरील रसेल स्क्वेअर स्थानकावर उतरून ब्रन्सविक सेंटरच्या बाजूने यावे.